नो, नो, नो!

“कोच, तुम्ही माझ्यावर सारख्या वैतागता का? सगळ्या लॅपभर नो, नो, नो!”

शेजारच्या लेनमधल्या रिद्धीने डेअर दिलं होतं म्हणून मिहिकाने इंग्रजीत विचारून टाकलं आणि लगेच गॉगल डोळ्यांवर ओढला.

कोच यित्का आधी गोंधळल्या, मग पूलच्या काठावर बसून खो खो हसायला लागल्या. “अगं, ते चेक आहे, माझी भाषा! जोशात आले की माझ्या तोंडात चेकच येतं. आमच्याकडे ‘नो’ म्हणजे हो. शाब्बास, तेही नो. चल पुढे, नो. मग काय झालं, नो! माझी आई फोनवर अर्धा तास बोलते आणि मी नुसतं नो-नो करते.”

“म्हणजे परवा शेवटच्या लॅपला...”

“शाब्बास, अजून जोरात!”

मिहिकाने काठ घट्ट धरला. वर्षभर तिला वाटत होतं, आपल्यात दमच नाही. मग घरी भांडायचं कशाच्या जोरावर? बाबा म्हणाले, दहावीनंतर पुण्याला मावशीकडे राहा, जेईईचा क्लास लाव. ती म्हणाली, “बरं.” आई म्हणाली, पोहणं पुरे आता. “बरं.” आखातातल्या या इंटरनॅशनल सिटीतल्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये रडायलासुद्धा बाथरूमशिवाय जागा नव्हती. बरं म्हटलं की विषय खलास.

“तुमच्या भाषेत नाही का असा एखादा शब्द?” कोचनी विचारलं.

मिहिकाला एकदम आठवलं. आहे की! ऐकलं, बरं. पुरे करा, बरं. मला एकटीला राहू द्या, तेही बरं. घरी मात्र त्यातलं फक्त ‘हो’च ऐकू गेलं होतं.

संध्याकाळी बाबा लॅपटॉप उघडून बसले होते. “मिहू, पुण्याचं तिकीट काढतोय, बरं का!”

सवयीने ओठांवर आलेला शब्द तिने गिळला.

“नो, बाबा.”

आईची पोळी तव्यावरच राहिली. “नो काय, नो? इतके दिवस तर बरं, बरं म्हणत होतीस!”

“ते ‘बरं’ मराठीतलं होतं, आई. त्याचे खूप अर्थ होतात.” मिहिका थांबली नाही. “मी पुण्याला जाणार नाही. इथेच शिकणार आणि पोहणार. आणि हे ‘नो’ इंग्रजीतलं आहे. याला एकच अर्थ असतो.”