गुडघ्याची साक्ष

मुलीने खोक्यावरून उडी टाकली, ती डाव्या पायावर उतरली आणि तिचा गुडघा आत वळला.

"अरे देवा!" दाराशी उभे असलेले तिचे बाबा म्हणाले. तेच तिचे कोच. "अगं, हे कधी व्हायला लागलं?"

फिजिओबाई समोरून गुडघ्याकडेच बघत होत्या. मोसम सुरू होण्याआधी संघातल्या प्रत्येकाची हालचाल तपासायची, उद्या दगा देणारा सांधा आजच ओळखायचा, हे त्यांचं काम. खोक्यावरून एका पायावर उतरताना गुडघा असा आत पडला की तो आज ना उद्या जाणार, हे ठरलेलं. मग बाई 'नाही' म्हणाल्या की नाहीच, वर कोणाचं काही चालायचं नाही. निवडचाचणी रविवारी होती. अडथळ्यांच्या शर्यतीत या मुलीच्या जवळपास फिरकेल असं कोणी नव्हतं.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

पुन्हा तेच. बाई सरळ फरशीवर मांडी घालून बसल्या. एकदा भेटलेल्या माणसाचा चेहरा त्या खुशाल विसरत, पण पाहिलेला गुडघा कधी विसरत नसत. कमकुवत गुडघा पाऊल टेकता टेकताच कलतो, धन्याला पत्तासुद्धा लागत नाही. हा तसा नव्हता. पाऊल टेकलं, क्षणभर चांगलं घट्ट उभं राहिलं आणि मग कोणी सांगितल्यासारखा गुडघा आत आला. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"मॅडम, काल झोप झाली नाही तिची," बाबा म्हणाले. "पट्टी बांधून चालेल ना? नाहीतर व्यायाम सांगा, मी करून घेतो. मी आहे ना तिच्या मागे."

"आहात ते दिसतंय. आता जरा बाहेर बसा. पोरीला श्वास घेऊ दे."

ते गेले. बाईंनी मुलीला पाणी दिलं, शाळेचं विचारलं, उगाच इकडचं तिकडचं बोलल्या. मग म्हणाल्या, "चल, शेवटचं एकदा. दोन्ही पाय."

मुलगी खोक्यावर चढली. लक्ष सगळं बंद दाराकडे. डाव्या पायावर उतरली ती खिळा ठोकावा तशी उभी राहिली. उजव्यावर उतरली आणि उजवा गुडघा आत आला.

तिचं तिलाच कळलं. चेहरा पांढराफटक पडला.

"बाळा," बाई म्हणाल्या, "सोंग आणायचं तर कोणता पाय दुखतोय ते तरी लक्षात ठेवावं."

बाईंकडे दुखणं लपवणारे रोज यायचे. सुजलेला घोटा बुटात कोंबून 'मी एकदम फिट' म्हणणारे, कळ आली की हसून दाखवणारे. नसलेलं दुखणं घेऊन येणारी ही पहिलीच. त्यांना राग यायला हवा होता. आला नाही.

"मला नाही पळायचं," मुलगी म्हणाली.

"मग सांग की त्यांना तसं."

"कसं सांगू? आई गेल्यापासून ते फक्त मैदानावर बोलतात. घरी आलो की गप्प. मीच नको म्हटलं तर..." तिने नाक पुसलं. "गुडघ्याने नको म्हटलं तर कोणी काही बोलणार नाही. तुम्ही फक्त नापास करा ना मला. प्लीज."

बाईंना वाटलं, करून टाकावं. एका शब्दाचं काम, पोर सुटेल. पण या बाबाला त्या दोन उड्यांतच ओळखून चुकल्या होत्या. तो या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे पायपीट करणार, धडधाकट गुडघ्याला शेक देत बसणार. आणि आपल्याच हाताने पोरीचा पाय घालवला म्हणून जन्मभर स्वतःला खात राहणार.

"अळीमिळी गुपचिळी मला जमायची नाही गं," त्या म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना कठोर वाटला. त्यांनी दार उघडून बाबांना आत बोलावलं.

ते आले. कपाळावर घाम होता.

"गुडघे ठणठणीत आहेत," बाई म्हणाल्या. "दोन्ही."

बाबा मटकन खोक्यावरच बसले. "जीव भांड्यात पडला हो मॅडम! मी म्हटलंच, झोपेचंच असणार. म्हणजे रविवारी पळायला हरकत नाही?"

"गुडघ्यांची नाही."

ते हसले. मग हसू अर्ध्यावर राहिलं. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग मुलीकडे. ती भिंतीला पाठ लावून उभी होती, बूट छातीशी धरून.

"मग कोणाची?"

बाई मुलीकडे वळल्या. हे सांगायचं काम पोरीसाठी त्या करणार नव्हत्या.

"माझी, बाबा."

ते काही बोलायला गेले. रागावणार, समजावणार, नाहीतर काहीतरी चेष्टेवारी नेणार, असं बाईंना वाटलं. पण सगळं त्यांनी गिळलं. मग दुखणं कधीपासून आहे असं विचारावं, तसं हळूच विचारलं, "कधीपासून?"

"आई होती तेव्हापासून," मुलगी म्हणाली. "ती सांगणार होती तुम्हाला."