साडेदहा ते बारा

संध्याने गजर थांबवायचं बटण माउसने पुन्हा दाबलं आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. सेकंद पुढे सरकले. अजून प्रोग्राम अडकला नव्हता.

गेल्या मंगळवारी याच बटणाने घात केला होता. मल्लेश्वरममधलं छोटं नर्सिंग होम, साल सत्त्याण्णव. भिंतीपलीकडच्या काचेच्या पेटीत गंगव्वाचा नातू होता, सातव्या महिन्यात जन्मलेला. नर्स शिवलीलाने बटण दाबलं आणि प्रोग्राम जागीच थिजला. पेटी गार होत गेली, पण गजर वाजलाच नाही. बाळाचे पाय निळे दिसले म्हणून कळलं. पेटीवर नजर ठेवून गजर वाजवणारा तो प्रोग्राम संध्याने लिहिला होता. त्या दिवसापासून डोळा लागला की तिला ते पाय दिसत.

चूक सापडली ती अगदी साधी. बटण सांभाळणारा भाग तापमान वाचणाऱ्या भागासाठी खोळंबला होता, आणि तो बटणासाठी. दोघेही हट्टी, आधी कोणी सरकेना. संध्याने पडद्याला त्या भांडणातून सोडवलं. नवा आकडा मिळाला नाही तर थांबायचं नाही, आधीचाच दाखवून पुढे जायचं. शिवाय कोपऱ्यात घड्याळ टाकलं. घड्याळ चालतंय म्हणजे प्रोग्राम जिवंत, असं तिच्या ऑफिसात सगळेच मानत.

"बारापर्यंत दाबत राहा," सकाळी डॉक्टर भीमाचार्य म्हणाले होते. "टिकला, तर पेटीजवळची नर्स आजपासून वर पाठवतो. येता-जाता पडदा पाहिला की झालं."

गंगव्वा निपाणीकडची. ती दारातच घुटमळली. "आज शुक्रवार की बाई. साडेदहाला राहुकाळ लागतोय. स्वल्प थांबा."

"आजी, मशीनला कसला आलाय राहुकाळ?" संध्या हसली आणि पडद्याकडे वळली.

म्हातारी आत गेली आणि शिवलीलाशी कानडीत काहीतरी कुजबुजली. घड्याळात साडेदहा झाले. संध्याने पहिल्यांदा बटण दाबलं.

पन्नास वेळा. शंभर वेळा. दर वेळी घड्याळ पुढे जायचं. वर बाळाच्या अंगाच्या तापमानाचा आकडा होता, ३६.५. तो जरासुद्धा हलला नव्हता. किती गुणी बाळ आहे, तिला वाटलं, आणि मंगळवारनंतर पहिल्यांदाच तिला जरा मोकळं वाटलं.

बाराला डॉक्टर आले. पडदा पाहून त्यांनी मान डोलावली. "शाब्बास. शिवलीला, तू आता वरच्या मजल्यावर जा."

तेवढ्यात जिन्यावरून गंगव्वा उतरली. छातीशी दुपटं घट्ट धरलेलं, त्यातून इवलीशी मूठ बाहेर आलेली.

"राहुकाळ संपला की बाई," ती म्हणाली. "साडेदहालाच काढून आईच्या पोटाशी दिलं होतं. आता घालूया याला पेटीत."

पडद्यावर ३६.५ होतं. घड्याळ चालू होतं.