तीन पर्यायांचा कौल

प्रश्न कसा मांडायचा, यावरच पाऊण तास गेला होता. रवळनाथाच्या सभामंडपात खांबाला टेकून बसलेल्या भिकाजी गुरवाला याचं नवल वाटलं नाही. गेली एकेचाळीस वर्षं देवाला कौल तोच लावत होता. प्रश्न सोपा असला तर माणसं देवळापर्यंत येत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. आज फक्त प्रश्न त्याच्याच काळजाचा होता, आणि पाकळ्या घेऊन मूर्तीपुढे पहिल्यांदाच त्याचा मुलगा सत्यवान उभा होता.

भिकाजीच्या हृदयातली एक झडप चुन्याने कडक झाली होती. दोनदा चक्कर येऊन तो अंगणात पडला होता. गोव्याच्या डॉक्टरांनी तीन मार्ग सांगितले. छाती उघडून झडप बदलायची, नाहीतर मांडीच्या शिरेतून नळी घालून नवी बसवायची, नाहीतर नुसत्या गोळ्यांवर काढायचं. तिसऱ्या मार्गाने दोन वर्षांपलीकडचं मी बोलणार नाही, पहिले दोन तुम्हाला झेपतील, तेव्हा घरी ठरवा आणि कळवा, असं म्हणून डॉक्टर मोकळे झाले.

अडचण एवढीच होती, की मार्ग तीन होते आणि देवाच्या बाजू दोनच. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

"तिसरी पाकळी कपाळार लाव रे," मागून कोणीतरी सुचवलं.

"मेल्या, देवाची परीक्षा घेतंस?" मानकरी बाबली खेकसला. "खालीलपैकी योग्य पर्याय निवडा?"

बाबलीची भाताची गिरण होती आणि त्याचं मत पक्कं होतं. "उघडल्याशिवाय दुरुस्ती होता? माझ्या गिरणीचा इंजिन कोण मांडयेतसून दुरुस्त करता काय?" सत्यवानाचा कल गोळ्यांकडे होता. कारण विचारलं की तो हातातल्या पाकळ्या पुन्हा मोजायचा.

शेवटी बाबलीच्याच मताचा प्रश्न ठरला: छाती उघडायची काय? सत्यवानाने पाकळ्या ओल्या करून पाषाणाला चिकटवल्या. वाऱ्याचं मत देवाच्या नावावर जमा होऊ नये म्हणून बाबलीने पंखा बंद करायला लावला. सगळे घामाघूम होऊन पाकळ्यांकडे बघत राहिले.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. एकही पाकळी हलली नाही.

"देव रागावलो काय?" सत्यवानाने हळूच विचारलं.

"रागवाक काय झाला?" भिकाजी म्हणाला. "देव बोलणा नाय, म्हणजे प्रश्न चुकलो."

सत्यवानाची बायको तेजस्वी बाजूलाच बसली होती. डॉक्टरांकडे सासरा आणि नवऱ्यासोबत तीही गेली होती. ती म्हणाली, "बाबानू, डाक्टरान तुमकाच इचारलेल्यान, तुमका काय होया म्हणान. तेव्हा तुमी ह्यांच्याकडे बघितलास. आता देवाकडे बघतास."

सुनेने चारचौघांत असं बोलावं का, हा एक वेगळाच कौल लावण्याजोगा प्रश्न होता. भिकाजीला मात्र बरं वाटलं. दोन आठवड्यांत त्याच्या झडपेबद्दल अख्ख्या गावाने मत दिलं होतं. त्याचं मत विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

"छाती फाडून तीन म्हयने खाटेर पडान रवाचा नाय माका," तो म्हणाला. "आणि गोळ्यो खात वाटही बघूची नाय. मांडयेतसूनच घालांदे."

"ती किती वर्षां टिकतली, ता डाक्टराकच नक्की म्हायत नाय," बाबली म्हणाला.

"माका अठ्ठ्याहत्तर झाली, बाबली. झडप माझ्यापेक्षा जास्त जगली, तर तू तिचा काय करतलंस?"

बाबलीने विषय देवाकडे वळवला. "पण देवान कौल खंय दिल्यान?"

"सत्यवाना, पाकळ्यो काढ."

"पडल्याशिवाय?"

"इचारून झाला. आता देवाक सांगूया."

भिकाजी खांब धरून उठला आणि त्याने गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाऱ्हाण्याची रीत अशी, की सांगणारा थांबला की जमलेल्यांनी मोठ्याने होकार भरायचा.

"बा देवा रवळनाथा..." भिकाजीला धाप लागली.

"व्हय म्हाराजा!"

"तुझो हो सेवेकरी..." पुन्हा धाप.

"व्हय म्हाराजा!"

"मांडयेतसून..."

इथे दम पुरताच संपला.

"व्हय म्हाराजा!" सभामंडप घुमला. सगळ्यात मोठा आवाज बाबलीचा होता. आपण कशाला होकार दिला, हे त्याला जरा उशिरा कळलं, पण देवासमोर दिलेला होकार मागे घेता येत नाही.

पुढचं वाक्य भिकाजीने अजून ठरवलं नव्हतं. त्याला घाईही नव्हती. खांब धरून तो सावकाश श्वास घेत राहिला, आणि त्याच्या प्रत्येक श्वासाला गाव होय म्हणत राहिलं.