नदीला पाणी किती होतं

"मान वर करा, मेजर," न्हाव्याने वस्तरा गळ्यापाशी आणला.

मेजरांनी मान वर केली. दुपारी माजी सैनिकांच्या मदतसंस्थेत त्यांचा सत्कार होता, आणि पदक कसं मिळालं ते भरल्या सभागृहात सांगायचं होतं. सूनबाई इस्त्रीचा कोट मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. कोटाला पदक लावलेलं होतं.

मेजर जन्मात कधी सैन्यात नव्हते. त्यांची उभी हयात सिनेमागृहाच्या दारात तिकिटं फाडण्यात गेली. निवृत्त झाल्यावर घरात त्यांची अडगळ झाली. सूनबाई थेट बोलत नसे; "त्यांना म्हणावं, जेवून घ्या" असा निरोप नवऱ्याकडून यायचा.

मग एकदा मागच्या गल्लीतल्या भंगारवाल्याकडे हे पदक दिसलं. जखमी साथीदाराला पाठीवर घेऊन नदी ओलांडली म्हणून कुणाला तरी मिळालेलं, एवढंच तो सांगू शकला. चकाकत होतं म्हणून त्यांनी घेतलं. घरी सुनेने विचारलं, कुणाचं हे? आणि तोंडातून निघून गेलं, "माझंच. लग्नाआधीचं आहे. कधी बोललो नाही."

त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदा "बाबा" म्हणून हाक मारली आणि न मागता चहा आणून दिला. पुढचं सगळं गल्लीनेच केलं. मेजर हे नावही गल्लीनेच ठेवलं. न्हाव्याने दाढीचे पैसे घेणं सोडलं.

आज सकाळी सूनबाईला खरं सांगून टाकायचं, असं ठरवून ते उठले होते. पण ती आधीच उठून पदक घासत बसली होती. त्यांना इतकी लाज वाटली की घशाशी आलेले शब्द त्यांनी चहाबरोबर गिळले.

न्हावी तसा अबोल माणूस. शौर्यदिनाला सगळी बाजारपेठ मिरवणूक बघायला रस्त्यावर यायची, तेव्हा हा दुकानाचा पडदा ओढून आत बसायचा. मात्र मेजरांची गोष्ट तो दर वेळी विचारून ऐकायचा.

"नदीला पाणी किती होतं?" आजही त्याने विचारलं.

"गळ्यापर्यंत." पहिल्या खेपेला ते कमरेपर्यंत होतं. पाऊस न पडताच नदी चढत चालली होती.

"आणि तो साथीदार?"

"वाचला. अजून फोन येतो त्याचा."

सूनबाईने अभिमानाने आरशात पाहिलं. मेजरांनी डोळे मिटून घेतले.

दाढी झाली. तिने त्यांना कोट चढवला आणि गाडी बघायला बाहेर गेली. पदकाची मूळची पिन त्यांच्याच्याने कधीच लागली नव्हती, म्हणून पदक साध्या सेफ्टी पिनेवर लोंबत असे. न्हाव्याने ती सेफ्टी पिन काढली. पदकामागे अंगठा घालून, तिकडे न बघताच, मूळची पिन दाबून जराशी फिरवली. खट्‌कन बसली.

"माझ्याच्याने कधी लागली नाही ही," मेजर म्हणाले.

"खोड आहे तिची." न्हाव्याने त्यांच्या कॉलरवरचे केस झटकले. बाहेर ऐकू जाऊ नये इतक्या हळू तो बोलला. "पाणी गुडघ्याइतकंच सांगा. आणि तो वाचला असं सांगू नका, मेजर. माझ्या पाठीवरच गेला तो."