देवमाशाचा श्वास

काचेच्या बंद खोलीत ती माइकसमोर शेवटचं पान वाचत होती आणि देवमासा काही येत नव्हता.

या पुस्तकमालिकेच्या आधीच्या सगळ्या भागांत तो आला होता. ढगांतून पोहत, पाठीवर दिवे लागलेलं अख्खं गाव घेऊन. पुस्तकात फक्त 'देवमासा आला' एवढंच असे. ती मात्र त्याआधी माइकजवळ सरकून एक लांब, खोल श्वास घ्यायची. तो तिच्या पदरचा. ऐकणाऱ्यांना तेवढ्यावरच कळायचं. डोळे गेल्यापासून तिच्याच आवाजातली पुस्तकं ऐकत बसणारे तिचे वडील, अण्णा, तर त्या श्वासासरशी खुर्चीत सावरून बसत.

पुढचं पान आधी वाचायचं नाही, हा तिचा जुना हट्ट. आवाजाला आधी कळता कामा नये म्हणे! त्या हट्टाने आज घात केला. या अखेरच्या भागात लेखकाने देवमाशाला सुरुवातीलाच कुठेतरी दूर धाडलं होतं. मग नुसत्या लढाया, तह, लग्नं. पाहुणे जायची वेळ झाल्यासारखं भराभर उरकलेलं. राजकन्येने खिडकी लावून घेतली. समाप्त.

काचेपलीकडून रेकॉर्डिंग करणाऱ्या बापूंचा आवाज आला. "ताई, शेवटची ओळ पुन्हा घेऊ. रडका सूर लागलाय."

"तो आलाच नाही हो, बापू."

"माझाही विरस झालाय. पण एक शब्द बदलता यायचा नाही."

"अण्णा सकाळीच विचारत होते, येईल ना गं तो? आता त्यांना काय तोंड दाखवू?"

बापूंनी रेकॉर्डिंग सुरू केलं. लाल दिवा लागला.

'राजकन्येने खिडकी लावून घेतली.' तिने जसंच्या तसं वाचलं. मग खोलीत पाण्याखाली असावी तशी शांतता झाली. ती माइकजवळ सरकली आणि तिने तो श्वास घेतला. लांब, खोल.

बापूंचं बोट रेकॉर्डिंग थांबवायच्या बटणावर होतं. त्यांनी ते दाबलं नाही.

पुस्तक ऐकायला मिळालं त्या दुपारी अण्णा खुर्चीत कानाला हेडफोन लावून बसले होते. ती दारातून पाहत होती. शेवटच्या ओळीला त्यांचा चेहरा पडला. हात हेडफोन काढायला वर गेला आणि तिथेच थांबला. ते हळूच सावरून बसले.

"अगं," ते म्हणाले, "आधी ती खिडकी उघड."