खडूच्या चार खुणा

दुकानदाराने स्पीकरच्या दोन जोड्या आठवडाभर घरी ठेवून ऐकायला दिल्या. एक भोंग्यांची, दुसरी दारांएवढ्या उंच, पातळ पडद्यांची. "भोंगे घरभर ऐकू येतात," तो म्हणाला. "पडद्यांसमोर मात्र एकाच जागेवर बरोबर ऐकू येतं. पण तिथे बसलात, तर गाणारा समोर उभा राहतो."

मी कुठलाही स्पीकर ताईच्या गाण्याच्या टेपवरच पारखतो, त्या बाबतीत हट्टीच आहे. ती टेप याच खोलीत भरलेली. ताईला जाऊन सहा वर्षं झाली.

पडद्यांवर ताई खरंच समोर उभी राहिली. मी खुर्चीच्या पायाशी खडूने खूण केली.

दुसऱ्या दिवशी ताई वीतभर डावीकडे होती. पडद्यांची अंतरं पुन्हा मोजली. तसूभरही फरक नव्हता. खुर्ची सरकवली आणि नवी खूण केली. चौथ्या दिवशी लक्षात आलं, खुणा स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाल्या होत्या.

"भोंगेच घेऊन टाक," बायको म्हणाली. "एकट्याने काय ऐकायचं?"

मला निमित्तच हवं होतं. टेप कपाटात ठेवली, पडदे खोक्यात भरून खोकी चिकटपट्टीने बंद केली, आणि भोंग्यांच्या वायरी सोलत बसलो.

"अरे, आवाज जरा कमी कर ना," स्वयंपाकघरातून बायको ओरडली. "ताई आज अगदी माझ्या कानाशी येऊन गातायत."