सत्ताविसावा प्रश्न

"कर्मणी! डोळे झाकून कर्मणी!" सुदर्शननं चहाचा ग्लास बाकड्यावर असा आपटला, जणू निकालच लागला.

परीक्षा सुटून अर्धा तास झाला होता. नांदेडातल्या एका शिक्षणसंस्थेत लिपिकाच्या जागा निघाल्या होत्या. लेखनचाचणीत पन्नासपैकी चाळीस पडले तरच पुढं मुलाखत. फाटकासमोरच्या हॉटेलात पोरंपोरी उत्तरं ताडून पाहत होती. तनुजाचे एकोणचाळीस पक्के होते. चाळिसावा सत्ताविसाव्या प्रश्नात अडकला होता: 'गुरम्माने शेळ्यांना बांधले', प्रयोग ओळखा.

तिनं 'भावे' लिहिलं होतं. वर्गात खात्री होती; फाटक ओलांडेस्तोवर ती पातळ झाली.

चाळीस न्हाई पडले तर नांदेडातली भाड्याची खोली सोडून लोह्याला घरी परत. वडिलांनी स्पष्टच सांगितलं होतं, "दोन साल दिले तुला. आता खोलीवर रुद्रेश राहील." रुद्रेश तिचा धाकटा भाऊ.

"म्या तर भावे लिवलंय," जगदेवी म्हणाली. ही तिची देगलूरची मैत्रीण.

"भावे?" सुदर्शन खो खो हसला. "कर्त्याला 'ने' दिसला की कर्मणी. देगलूरला व्याकरण काय तेलुगूत शिकवतेत का?"

"अरे, पण शेळ्यांना 'ना' लागलाय की!"

"मग शेळ्यांनाच इचार जा."

सगळं हॉटेल हसलं. शेजारचे सफारीतले गृहस्थही हसले. "भाचीची वाट पाहून राहिलो," म्हणत ते मघापासून दर बाकड्याला टेकत होते, चौकशी करत होते, हातातल्या कागदावर रेघा ओढत होते. भाचीपेक्षा मामालाच परीक्षेचा घोर जास्त, असं तनुजाला वाटलं.

"लई गोंधळ हाय बघा," ते म्हणाले. "निम्मी पोरं हे म्हणून राहिलेत, निम्मी ते. बाई, तुम्ही काय लिवलं सत्ताविसाला?"

सुदर्शन ग्लास तोंडाशी धरून थांबला. जगदेवीची फजिती ताजीच होती. नांदेडात दोन साल क्लास लावलेल्या पोरीला तो सोडणार थोडाच होता! आणि उत्तरपत्रिका तर आत सीलबंद. इथं काहीही बोललं तरी तिकडं काय बदलतंय?

"कर्मणी," तनुजा म्हणाली.

"अगं, मघाशी जिन्यात तर तू..." जगदेवी बघतच राहिली. तनुजानं तिचा पाय दाबला.

गृहस्थांनी एक रेघ ओढली, रेघा पुन्हा मोजल्या आणि तिथंच बसून फोन लावला.

"साहेब, सत्ताविसाचा घोळ मिटला. पेपर काढणारे गुरुजी फोन उचलंनात, ऑफिसात आपलं एकमत होईना, म्हणून म्हणलं पोरांनाच इचारावं. सतरा-सतरावर अडकलं होतं, आत्ता एका बाईनं सोडवलं. हाव, लावा उत्तरसूची बोर्डावर. कर्मणी."